बिस्किटाच्या डब्यातले प्रश्न: मुलांशी लैंगिकतेबद्दल बोलायचं असेल तर

मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आधी निफाड तालुक्यात, मग नाशिक शहरात. त्यातली पहिली बावीस वर्षं प्रजननाचा धडा आला की मी फळ्यावर आकृती काढायचे, भागांना नावं द्यायचे आणि म्हणायचे, "बाकीचं घरी वाचून घ्या." घरी कुणी वाचत नाही आणि घरी कुणी सांगतही नाही, हे मला ठाऊक होतं. एका वर्षी नववीतली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. तिची पाळी सुरू झाली होती आणि आपल्या पोटात काहीतरी फाटलंय, आता आपण मरणार, असं तिनं धरलं होतं. आईलाही बोलली नव्हती. तिची वर्गशिक्षिका मीच होते, आणि तो धडा त्याच महिन्यात मी 'घेतला' होता.

निवृत्त झाल्यापासून मी इंदिरानगर, सिडको, म्हसरूळ, नाशिकरोड इथल्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि शिकवण्यांच्या खोल्यांत शनिवारी संध्याकाळी दीड तास बसते. समोर नववी-दहावीची मुलंमुली, आणि दुसऱ्या शनिवारी त्यांचे पालक. बऱ्याच शिक्षिका विचारतात, "बाई, तुम्ही नेमकं करता काय?" म्हणून हे लिहितेय, म्हणजे तुम्हाला तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेत असंच बसता येईल.

माझी पद्धत एका वाक्यात मावते. मुलांना नुसतं उत्तर देऊ नका. ते उत्तर माणसाला कळलं कसं, आणि त्याआधी जाणती माणसं काय चुकीचं धरून बसली होती, ते सांगा. कारण नुसती उत्तरं मुलांना सगळीकडून मिळतात. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतून, मोबाइलवरून, मोठ्या चुलतभावाकडून. सगळे छातीठोक बोलतात. तुम्हीही तसंच बोललात तर त्या गोंगाटात आणखी एका आवाजाची भर पडते, एवढंच. पण 'हे कुणी तपासलं, कसं तपासलं' असं विचारायला मूल शिकलं, की पुढचा दावा ते तुमच्याशिवाय तपासतं.

डबा

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा. सगळ्यांना सारख्या मापाच्या चिठ्ठ्या आणि सारख्या पेन्सिली द्या. लिहायचं मात्र सगळ्यांनी. ज्याला काही विचारायचं नाही त्यानं 'प्रश्न नाही' असं लिहायचं. नाहीतर कुणाची पेन्सिल हलतेय ते बाकीचे बघतात आणि ज्याला खरंच विचारायचंय तो हात आखडता घेतो. हे आठवडाभर आधी करा. त्याच दिवशी उत्तरं द्यायला जाऊ नका, तयारीला वेळ मिळत नाही.

पूर्वी मी मुलांना आणि मुलींना वेगळं बसवायचे. आता पहिली वीस मिनिटं फक्त वेगळं बसवते, मग एकत्र. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांना कळायलाच हवं, आणि ते मुलींच्या समोर, सरळ शब्दांत कळलं की वर्गातली कुजबुज पुष्कळ कमी होते, हे मी पाहिलंय.

चिठ्ठ्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरा. अक्षर ओळखू आलं तरी ओळखू नका. शब्द वेगवेगळे असतात, पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांचा अर्थ एकच निघतो: माझं नॉर्मल आहे ना? म्हणून सुरुवात 'नॉर्मल' या शब्दापासूनच करा.

आधी हात, मग चिठ्ठी

हा खेळ मी प्रत्येक वेळी घेते. मुलांना म्हणते, "गेल्या आठवड्यात आईशी खोटं बोललेल्यांनी हात वर करा." म्हसरूळच्या एका गटात एकतीसपैकी पाच हात वर आले. लगेच तोच प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता. डब्यातून सव्वीस 'हो' निघाले. मुलं हसतात, आणि मग एकदम शांत होतात. माणसं काय करतात हे लोकांसमोर विचारून कळत नाही, हे त्यांनी आत्ताच स्वतः पाहिलेलं असतं.

इथे मी आल्फ्रेड किन्सीची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातला हा कीटकशास्त्रज्ञ. ओकच्या झाडावर गाठी करणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या त्यानं लाखोंनी गोळा केल्या, एकेक मोजली, आणि एकसारख्या दोन सापडेनात. १९३८ मध्ये विद्यापीठानं विवाहविषयक वर्ग सुरू केला आणि त्यात शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. विद्यार्थी प्रश्न विचारायला लागले. किन्सीनं ग्रंथालय पालथं घातलं, तर पुस्तकांत उपदेश भरपूर, पण मोजणी जवळपास नाहीच. मग त्यानं माश्यांची पद्धत माणसांना लावली. एकेका माणसाला खोलीत एकटं बसवायचं, न लाजता, न रागावता सविस्तर विचारायचं, उत्तर सांकेतिक खुणांत टिपायचं. १९४८ मध्ये सुमारे ५,३०० पुरुषांवरचा आणि १९५३ मध्ये ५,९४० स्त्रियांवरचा ग्रंथ आला. लोक चारचौघांत जे नाकारत होते ते घरोघरी चालू होतं, आणि माणसामाणसांतला फरक कुणाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा होता.

आता महत्त्वाचं. इथेच थांबू नका, किन्सीची चूकही सांगा. त्याच्याशी बोलायला आली ती बहुतेक स्वतःहून तयार झालेली माणसं. काही तर तुरुंगातली. १९५४ मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी लेखी सांगितलं की अशा निवडीवरून सगळ्या देशाचे आकडे काढता येत नाहीत. मुलांना विचारा, "डबा फक्त पहिल्या बाकावर फिरवला असता तर?" त्यांना लगेच कळतं. पुढे एड्सच्या साथीत नेमके आकडे हवे झाले तेव्हा ब्रिटनमध्ये पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडली. सरकारनं १९८९ मध्ये पैसे नाकारले, मग वेलकम ट्रस्टनं दिले, आणि १८,८७६ लोकांशी बोलून पहिली मोठी नमुना पाहणी झाली. किन्सीचे काही आकडे त्यानंतर टिकले नाहीत. पण माणसाला खाजगीत विचारा आणि उत्तराला नावं ठेवू नका, ही त्याची रीत टिकली. तुमचा डबा हे तिचंच धाकटं भावंड समजा.

धातूची चिठ्ठी

मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत ही असणारच. 'धातू जाते, अशक्तपणा येतो का?' 'शंभर थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य होतं हे खरं का?' हा प्रश्न विचारणारा मुलगा खरोखर घाबरलेला असतो, कधीकधी रात्र रात्र जागलेला. हसू आलं तरी आवरा, दुसऱ्यालाही हसू देऊ नका.

आधी शरीर सांगा. वीर्यातला बहुतांश द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी तयार करतात, शुक्रजंतू वृषणात तयार होतात, आणि हे काम शरीर चालूच ठेवतं, लाळेसारखं. रक्त आटवून वीर्य होत नाही. झोपेत वीर्य बाहेर येणं हा वाढीचा भाग आहे. इथे एक शब्द दुरुस्त करा. आपण त्याला 'स्वप्नदोष' म्हणतो, म्हणजे नाव घेतानाच दोषी ठरवून टाकतो. मी 'झोपेतलं वीर्यस्खलन' म्हणते. लांब आहे, पण त्यात आरोप नाही.

मग भीती आली कुठून ते सांगा. युरोपात १७६० मध्ये सॅम्युएल तिसो या स्विस डॉक्टरनं हस्तमैथुनावर पुस्तक लिहिलं आणि वेडापासून आंधळेपणापर्यंत सगळं त्याच्या माथी मारलं. त्यानं पाहिले ते आजारी लोक. तेच करणाऱ्या निरोगी लोकांशी त्यांची तुलना केलीच नाही. ती तुलना व्हायला दोनशे वर्षं गेली. किन्सीच्या पुरुषांपैकी ९२ टक्क्यांनी हस्तमैथुन केलेलं होतं. एवढ्या लोकांना वेड लागलं असतं तर जग चाललंच नसतं, हे दहावीतला मुलगा स्वतःच म्हणतो. आपल्याकडे १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी या भीतीलाच 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. म्हणजे थकवा, निरुत्साह, धडधड खरी असते. पण तिच्या मुळाशी वीर्य गेल्याची चिंता असते, वीर्य जाणं नव्हे. त्या मुलाला पुड्या नकोत, कुणीतरी समजावून सांगायला हवं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव मी इथेच घेते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, १९५३ मध्ये मरेपर्यंत. त्यात वाचकांच्या अशाच प्रश्नांना ते मराठीत सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी दंड झालाच. मुलांना हे जरूर सांगा. आपल्या भाषेत हे बोलायला कुणीतरी किंमत मोजलीय, हे ऐकल्यावर मुलं पुढची चिठ्ठी ताठ बसून ऐकतात.

पाळीचे दिवस

'मूल राहायचे दिवस कोणते?' मुली विचारतात, आणि विचारायलाच हवं. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक डॉक्टर सांगत की दोन पाळ्यांच्या मधला काळ सुरक्षित. जनावरांच्या माजावरून त्यांनी अंदाज बांधला होता की बीज पाळीच्या आसपास सुटतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं. १९२० च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला पाळणाऱ्या कितीतरी बायका नको तेव्हाच गरोदर राहिल्या असतील. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून हे आणखी नेमकं झालं: गर्भ राहू शकतो ते सहा दिवस, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

फळ्यावर हे काढताना एक गोष्ट ठासून सांगा. 'पुढच्या पाळीच्या आधी' असं मोजायचंय, आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला माहीत असतं? वाढत्या वयात तर ती पुढेमागे होतेच. म्हणून कॅलेंडरवर भरवसा ठेवता येत नाही.

'पडदा फाटतो का?'

ही चिठ्ठी आली की माझा आवाज थोडा बदलतो. सायकल चालवली म्हणून, खो-खो खेळली म्हणून मुलीला घाबरवलेलं मी पाहिलंय. योनिपटल म्हणजे सीलबंद झाकण नव्हे. ती योनिमुखाच्या कडेची लवचिक घडी असते, प्रत्येकीची वेगळी, काहींची अगदी जेमतेम. ती तपासून मुलीचा संबंध आला की नाही हे सांगता येत नाही. तपासण्यांचा अभ्यास करूनच हे ठरलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये अशा चाचण्या बंद करायला सांगितलं. बलात्कार झालेल्या स्त्रीच्या योनीत बोटं घालून करायची 'दोन बोटांची चाचणी' आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्त्रीच्या प्रतिष्ठेवरचा घाला ठरवली, आणि २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं.

आणि नाशिककरांनो, यातला एक दुवा आपल्या गावचा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ही 'कौमार्याची लक्षणं' शास्त्राला धरून नाहीत असा अहवाल दिला, आणि २०१९ मध्ये या विद्यापीठानं न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून तो भाग काढायचं ठरवलं. म्हसरूळच्या मुलींना मी खिडकीतून त्या दिशेला हात करून हे सांगते. पाठ्यपुस्तकातलं वाक्यसुद्धा पुरावा नसेल तर काढता येतं.

पेपर कोण तपासतंय ते झाका

'माझा मित्र गे आहे असं सगळे म्हणतात, हा आजार आहे का?' या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. आणि त्या खोलीत स्वतःबद्दलच हे विचारणारं एखादं मूल बसलंय, असं धरूनच प्रत्येक शब्द बोला.

१९५० च्या सुमारास मानसोपचारात समलैंगिकता हा आजारच मानत. आधार काय? डॉक्टरांकडे उपचाराला आलेले किंवा तुरुंगात असलेले लोक. सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहून सगळं नाशिक आजारी आहे म्हणण्यासारखं हे झालं. लॉस एंजेलिसमध्ये इव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांच्याच एका समलैंगिक विद्यार्थ्यानं त्यांना म्हटलं, आमच्यासारख्या, उपचार न घेणाऱ्या माणसांचा अभ्यास करा. त्यांनी तीस समलैंगिक आणि तीस भिन्नलैंगिक पुरुष घेतले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळवून जोड्या लावल्या. त्या काळच्या नावाजलेल्या मानसिक चाचण्या घेतल्या. मग नावं काढून टाकली आणि ते कागद तीन तज्ज्ञांपुढे ठेवले.

बोर्डाचे पेपर तपासलेली कुणीही शिक्षिका हे समजावू शकते. बैठक क्रमांक झाकलेला असतो म्हणून आपण कुणाचा पेपर आहे ते न बघता गुण देतो. इथेही तेच. तज्ज्ञांना कोणता कागद समलैंगिक माणसाचा हे ओळखता आलं नाही, आणि मानसिक स्वास्थ्यात दोन्ही गट सारखेच निघाले. हे १९५७ मध्ये छापून आलं. १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढली, १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेनं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीनं असलेल्या अशा संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. पालकांच्या शनिवारी मी आणखी एक सांगते: 'बरं करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या 'उपचारांना' व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

'जन्मतःच असतं का?' हा पुढचा प्रश्न. २०१९ मध्ये सुमारे ४,७७,००० लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. असं एकच जनुक सापडलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा, आणि इतर कारणंही. कुणी बसून ठरवत नाही, एवढं मुलांना पुरतं. चौकस मुलांना हेही सांगा की ते बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. ती लगेच म्हणतात, "पहिला बाक!"

मुलगा-मुलगी ठरतं कसं, यावर मी फार रेंगाळत नाही. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर काम करून नर होण्याशी वाय गुणसूत्राचा संबंध दाखवला, १९९० मध्ये त्यावरचं, वृषण घडवायला लावणारं एसआरवाय जनुक लंडनमध्ये सापडलं. मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणाऱ्या घरांत हे वाक्य दोनदा म्हणा: वाय येतो तो बापाकडून. काही बाळं यापेक्षा वेगळ्या घडणीची, आंतरलिंगी जन्मतात. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात हे मळ्यातल्या पोरांना माहीत असतंच, त्यामुळे ती बिचकत नाहीत.

पालकांचा शनिवार

पालकांनाही डबा द्या. एका आईची चिठ्ठी होती: 'लग्नाला सतरा वर्षं झाली, मला काहीच वाटत नाही, दोष माझ्यात आहे का?' तिच्यासाठी मी दोन गोष्टी सांगितल्या. मनोविश्लेषण सुरू करणारे व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये लिहिलं की प्रौढ स्त्रीचं सुख शिश्निकेकडून, म्हणजे क्लिटोरिसकडून, योनीकडे सरकायला हवं. तपासलं नव्हतं, नुसतं मांडलं होतं. त्यावरून कितीतरी बायकांना अपक्व ठरवलं गेलं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीनं प्रयोगशाळेत ६९४ स्त्री-पुरुषांच्या शरीराची प्रत्यक्ष मोजमापं घेतली. १९६६ मध्ये त्यांनी सांगितलं की शरीराच्या दृष्टीनं असे दोन वेगळे प्रकार नसतातच. आणि शिश्निकेची संपूर्ण रचना, तिचा बराचसा भाग आत असतो हे, मेलबर्नच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये नीट दाखवून दिलं. त्याआधीच्या अनेक वैद्यकीय पुस्तकांत ती अर्धवटच होती. मी स्वतः फळ्यावरच्या आकृतीत ती कधी काढली नव्हती. आता काढते, नाव लिहिते.

एक जबाबदारी

कधी एखादी चिठ्ठी प्रश्न नसते, ती हाक असते. 'काका हात लावतात.' त्यासाठी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की कार्यक्रम संपल्यावर तुम्ही अर्धा तास दाराशी बसणार आहात. मूल आलं तर ऐका, खोदून विचारू नका, 'तुझी चूक नाही' हे आधी सांगा. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र कधीच देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायची सक्ती आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ फळ्याच्या कोपऱ्यात सुरुवातीलाच लिहा, आणि जाताना पुसू नका.

उत्तरं झाली की चिठ्ठ्या रद्दीत टाकू नका, फाडूनही नाही. तुकडे जोडता येतात. मी घरी बादलीत भिजवते, रात्रभर. सकाळी लगदा होतो, तो गॅलरीतल्या कुंड्यांत जातो. डबा पुसून, झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवायचा. ओल राहिली की पुढच्या शनिवारी चिठ्ठ्या चिकटतात.